गाडीला रॅप केला, अलॉय बसवले. आता विमा कंपनीला कसं कळवायचं

दोन पावसाळ्यांपूर्वी अमळनेरच्या माझ्या एका ग्राहकाची गाडी पारोळ्याजवळ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आदळली. रात्रीची वेळ, ट्रॉलीला मागे दिवा नाही. माणसं वाचली, पण गाडीची डावी बाजू पार गेली. गाडी मूळची पांढरी. तिच्यावर राखाडी मॅट रॅप, म्हणजे रंगीत फिल्मचं आवरण, चढवलेला, चारही चाकं अलॉयची, डिकीत भलामोठा ॲम्प्लिफायर. जळगावच्या वर्कशॉपमध्ये नुकसान तपासणारा विमा सर्व्हेअर आला. त्याने आरसी बघितली, गाडी बघितली, पुन्हा आरसी बघितली. पॉलिसीवर इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीजच्या रकान्यात शून्य होतं आणि नॉन-इलेक्ट्रिकलच्या रकान्यातही शून्यच. दरवाजे, फेंडर, बंपर यांचे पैसे मिळाले. रॅपचे मिळाले नाहीत, म्युझिक सिस्टीमचे मिळाले नाहीत, आणि मोडलेल्या दोन अलॉयच्या जागी साध्या स्टीलच्या चाकांची किंमत धरली गेली.

ग्राहक मला म्हणाले, "भाऊ, मी तुमले सांगेल व्हतं ना!"

खरं होतं ते. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी मला मोबाइलवर रॅपचे फोटो दाखवले होते. मी गाडीचं कौतुक केलं आणि घरी आलो. कागदावर काही चढवलं नाही. मी विमा सल्लागार आहे, ती चूक माझी होती आणि तिचा भुर्दंड त्यांना पडला. म्हणून आज हे सविस्तर लिहितो आहे. एजंटला सांगितलं, शोरूमवाल्याला सांगितलं, कॉल सेंटरच्या पोरीला सांगितलं, याने कंपनीला कळवलं असं होत नाही. बदलाची नोंद केलेला एंडोर्समेंटचा कागद तुमच्या हातात आला, की मगच कंपनीला कळलं असं धरा.

आधी गाडीभोवती एक चक्कर मारा

कागद-पेन घेऊन गाडीभोवती फिरा आणि कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा तिच्यावर जे नव्हतं ते सगळं लिहून काढा. इथे एक गैरसमज फार जणांचा असतो. आखाजीला किंवा दसऱ्याला गाडी घेतली, शोरूमनेच फुटस्टेप, टचस्क्रीन, अलॉय बसवून दिले, तर लोकांना वाटतं की ते सगळं गाडीच्या विम्यात आपोआप आलं. तसं होत नाही. विम्यात गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, ही त्या मॉडेलच्या छापील विक्री किमतीवरून काढतात. शोरूमने नंतर बसवलेली वस्तू त्या किमतीत नसते. तिची नोंद पॉलिसीत वेगळी करावी लागते. काही शोरूम ती करतात, बरेच करत नाहीत.

यादी झाली की तिचे चार भाग करा.

पहिल्या भागात सीट कव्हर, मॅट, डॅशबोर्डवरची गणपतीची मूर्ती, सिरॅमिक कोटिंग असल्या गोष्टी येतील. यांनी गाडीची धोक्याची पातळी बदलत नाही. लग्नात नवरदेवाच्या गाडीला लावलेली फुलं तर कुणालाच कळवायची नसतात. पण सीट कव्हरबाबत एक सांगतो. ज्या गाडीत सीटच्या बाजूला एअरबॅग असते, तिच्यावर पूर्ण शिवलेलं जाड कव्हर चढवलं तर ऐनवेळी एअरबॅग नीट उघडत नाही. एअरबॅगसाठी शिवण मोकळी ठेवलेलं कव्हर मागा. विम्यापेक्षा हा जिवाचा प्रश्न आहे.

दुसऱ्या भागात ज्यांच्यावर पैसे गेले आहेत त्या वस्तू येतील: अलॉय, म्युझिक सिस्टीम, टचस्क्रीन, रिव्हर्स कॅमेरा, जास्तीचे फॉग लॅम्प, स्पॉयलर, बॉडी किट, साइड स्टेप, पारदर्शक पीपीएफ (रंगावर चिकटवायची संरक्षक फिल्म). या नोंदवायच्याच. नोंद नसेल तर अपघातात त्यांचे पैसे मिळतील अशी आशा ठेवू नका.

अलॉय घेताना मापाकडे बघा. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी जे माप देते तिथपर्यंतच जा. त्याहून मोठं चाक फेंडरला घासतं, स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो, आणि अपघातानंतर सर्व्हेअरला बोट ठेवायला जागा मिळते.

तिसऱ्या भागात आरटीओकडे आधी जावं लागेल असे बदल. यात मुख्य आहे रंग. सीएनजी किट सजावटीत मोडत नाही, पण तेही याच रांगेत उभं आहे: आधी आरसीवर इंधनाची नोंद, मग पॉलिसीवर किटची नोंद.

चौथ्या भागात जे करूच नये ते, आणि यावर जरा थांबतो, कारण आपल्याकडे याचंच प्रमाण जास्त आहे.

काळी फिल्म, बुलगार्ड आणि इतर

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा उन्हात उभी केलेली गाडी भट्टी होते. काचांना फिल्म लावावीशी वाटणं साहजिक आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. पण नियम आहे. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आरपार जायला हवा, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काळ्या फिल्मवर कडक आदेश दिले, तेव्हापासून चौकाचौकांत फिल्म फाडण्याच्या मोहिमा होत आल्या आहेत. उन्हाला उपाय म्हणून जाळीचे काढता-घालता येणारे पडदे गाडी उभी असताना वापरा, समोरच्या काचेला चकचकीत सनशेड लावा.

बुलगार्ड, ज्याला आपल्याकडे गार्ड किंवा बंपर म्हणतात, त्याविषयी केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून कारवाई करायला सांगितलं. कारण सोपं आहे. आधुनिक गाडीचा पुढचा भाग चुरगळावा अशीच त्याची रचना असते, म्हणजे धक्का आतल्या माणसांपर्यंत कमी पोहोचतो. लोखंडी गार्ड तो धक्का थेट चेसिसला देतं आणि एअरबॅगच्या सेन्सरचा हिशेब बिघडवू शकतं. रस्त्यावरच्या पादचाऱ्याला किंवा दुचाकीवाल्याला तर ते जीवघेणं ठरतं. लळिंगच्या घाटात किंवा कन्नडच्या घाटात गार्डमुळे गाडी वाचेल असं ज्यांना वाटतं, त्यांना मी हात जोडून सांगतो की ते काढा.

प्रेशर हॉर्न, डोळे दिपवणारे पांढरे हेडलाइट, 'दादा' किंवा 'पाटील' दिसेल अशी वाकवलेली नंबरप्लेट, जीप उंच करण्यासाठी चेसिसची कापाकापी, हेही याच भागात येतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितलं. कलम १८२-अ खाली मालकाला बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. असे बदल विमा कंपनीला कळवले म्हणून कायदेशीर होत नाहीत. ते काढायचे असतात.

"गाडी मनी शे, मी काय बी करसू," असं मला एका तरुणाने ऐकवलं होतं. गाडी तुमचीच आहे, रस्ता मात्र सगळ्यांचा आहे.

रंग आणि रॅप

आरसीवर रंग लिहिलेला असतो. रस्त्यावर दिसणारी गाडी त्या रंगाची असली पाहिजे. पेंट बदला किंवा रॅप लावून सगळी गाडी वेगळ्या रंगाची करा, आरटीओची परवानगी आणि आरसीवर नव्या रंगाची नोंद लागते. जळगाव एमएच १९, धुळे एमएच १८, नंदुरबार एमएच ३९, जिथली गाडी तिथल्या कार्यालयात. वाहन पोर्टलवर गाडीतील बदलाची सेवा निवडून अर्ज भरायचा, फी भरायची, मग गाडी तपासणीला न्यायची. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं संमतीपत्र. हे संमतीपत्र मिळवायला वेळ लागतो, म्हणून बँकेत सगळ्यात आधी जा.

क्रम महत्त्वाचा आहे: आधी परवानगी, मग काम, मग आरसीवर नोंद, आणि नवी आरसी जोडून विमा कंपनीला पत्र. रॅप करून मोकळं झालेल्या माणसाला उलट्या क्रमाने जावं लागतं आणि दुप्पट चकरा पडतात.

पारदर्शक पीपीएफने रंग बदलत नाही, तेव्हा आरटीओचा प्रश्न नाही. दारावर पट्टे, बॉनेटवर महाराजांचं चित्र, काळं केलेलं छत, अशा बदलांत गाडीचा मुख्य रंग तोच राहतो. तरीही फोटो काढून कंपनीला मेल करून ठेवा. चोरी झाली तर पोलिसांना आणि कंपनीला गाडीचं आजचं रूप माहीत असणं तुमच्या फायद्याचं.

दुकानाचं नाव लावण्याबद्दल मला बरेच जण विचारतात. खाजगी गाडीवर 'अमुक कृषी केंद्र' असं लिहिलं म्हणून पॉलिसी मोडत नाही. पण खाजगी कारच्या पॉलिसीत भाड्याने देणं आणि मालवाहतूक करणं या दोन्हींना संरक्षण नसतं, नमुने आणि स्वतःचं सामान सोडून. गाडीवर कृषी केंद्राचं नाव आणि मागे युरियाच्या गोण्या, अशा अवस्थेत अपघात झाला तर सर्व्हेअर त्या दोन्हींचा फोटो काढतो. नाव लिहा, पण गोण्या छोट्या हत्तीतून पाठवा.

पॉलिसी उघडा

बहुतेकांनी पॉलिसीची पहिली दोन पानंसुद्धा वाचलेली नसतात. मोबाइलमधली पीडीएफ उघडा आणि जिथे आयडीव्ही लिहिली आहे तो तक्ता शोधा. त्याच ओळीत पुढे नॉन-इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज, इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक ॲक्सेसरीज आणि सीएनजी-एलपीजी किट असे रकाने असतात. तिथे शून्य असेल तर तुमच्या गाडीवर काहीही जास्तीचं नाही असं कंपनी धरून चालली आहे.

खाली लागू असलेल्या एंडोर्समेंटचे क्रमांक दिलेले असतात. आयएमटी म्हणजे इंडियन मोटर टॅरिफ, गाडीच्या विम्याचं जुनं दरपत्रक. त्यातलं आयएमटी २४ म्हणजे इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, आयएमटी २५ म्हणजे गॅस किट. हे दोन आकडे लक्षात ठेवा. कंपनीशी बोलताना ते उच्चारले की समोरचा माणूस लगेच मुद्द्यावर येतो.

थर्ड पार्टीचीच पॉलिसी असेल तर ॲक्सेसरीजचा प्रश्न येत नाही, कारण त्यात तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान मुळातच भरून मिळत नाही. मग अलॉयवर साठ हजार घालण्याआधी ओडी, म्हणजे स्वतःच्या नुकसानीचा भाग, घ्या.

बिल आणि वायरिंग

सजावटीच्या दुकानात पक्कं बिल मागितलं की दुकानदार कपाळाला आठ्या घालतो आणि कोऱ्या चिठ्ठीवर आकडा लिहून देतो. त्या चिठ्ठीला विमा कंपनीत किंमत नाही. जीएसटीचं बिल घ्या, त्यावर तुमचं नाव, गाडीचा नंबर, वस्तूचं नाव, मॉडेल आणि प्रत्येक वस्तूची वेगळी किंमत असू द्या. 'कार ॲक्सेसरीज, एकूण ७५,०००' असं एका ओळीचं बिल आलं तर ते परत करून फोड करून घ्या. इलेक्ट्रिकल आणि नॉन-इलेक्ट्रिकल वस्तूंचा हिशेब वेगळा असतो, हे दुकानदाराला माहीत नसतं.

कामाआधी आणि कामानंतर फोटो काढा: चारही बाजू, नंबरप्लेट दिसेल असे, शिवाय किलोमीटरचा आकडा आणि बसवलेल्या प्रत्येक वस्तूचा जवळून एक.

आता वायरिंग. हा भाग नीट वाचा. म्युझिक सिस्टीम, जास्तीचे दिवे, ॲम्प्लिफायर बसवताना पोरं मूळ वायर कापतात, सोलून दुसरी गुंडाळतात आणि वर टेप मारतात. आपल्या उन्हाळ्यात त्या टेपचा चिकटपणा महिन्याभरात जातो. उघडी तार पत्र्याला लागली, मध्ये फ्यूज नसला, की शॉर्ट सर्किट होऊन आग लागते. आगीच्या क्लेममध्ये सर्व्हेअर सगळ्यात आधी बाहेरची वायर शोधतो. ती सापडली आणि पॉलिसीत तिची नोंद नसली, की क्लेम अडकतो. म्हणून मूळ वायर न कापता कपलरने जोडता येणारी वस्तूच घ्या. दिव्यांना रिले आणि योग्य क्षमतेचा फ्यूज लावून घ्या, ॲम्प्लिफायरची वायर बॅटरीपासून वेगळी आणि फ्यूज टाकून आणा. शक्य असेल तर हे काम अधिकृत वर्कशॉपमध्ये करून घ्या आणि तसं बिलावर लिहून घ्या. गाडी उत्पादकाची वॉरंटी चालू असेल तर तीही वाचते.

पत्र लिहा

पॉलिसीवर कंपनीच्या ग्राहक सेवेचा ईमेल दिलेला असतो. मेल पॉलिसीत नोंदवलेल्या तुमच्या स्वतःच्या पत्त्यावरूनच करा, मुलाच्या किंवा मित्राच्या नको. एजंटला सीसीमध्ये ठेवा. मेल जमत नसेल तर शाखेत अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. मजकूर साधा ठेवा:

"माझी खाजगी कार, नोंदणी क्रमांक अमुक, पॉलिसी क्रमांक अमुक, मुदत अमुक तारखेपर्यंत. गाडीत पुढील बदल केले आहेत. एक, चार अलॉय चाकं, मूळ मापाचीच, किंमत इतकी, अमुक तारखेला बसवली. दोन, टचस्क्रीन आणि ॲम्प्लिफायर, किंमत इतकी. तीन, गाडीचा रंग पांढऱ्याचा राखाडी, आरटीओची नोंद झालेली आरसी जोडली आहे. इंजिन, चेसिस, आसनक्षमता आणि वापर यांत बदल नाही. कृपया या बदलांची पॉलिसीवर नोंद करून एंडोर्समेंट द्यावं आणि त्यासाठी किती जादा प्रीमियम भरायचा ते कळवावं. तपासणी करायची असल्यास गाडी अमुक गावी कोणत्याही दिवशी दाखवता येईल. सोबत बिलं, आरसी आणि फोटो."

'कळवावं' आणि 'एंडोर्समेंट द्यावं' हे दोन्ही शब्द असू द्या. नुसतं 'आपल्या माहितीसाठी' असं लिहिलं तर मेल माहितीच्या फोल्डरमध्ये जाऊन पडते. इंग्रजीत लिहिता आलं तर काम लवकर होतं, कारण फाइल बऱ्याचदा दुसऱ्या राज्यातल्या कार्यालयात उघडली जाते. नाही जमलं तर मराठीत पाठवा, पण पाठवा.

मेलला तक्रार किंवा विनंतीचा क्रमांक येतो, तो जपून ठेवा. आठवड्यात उत्तर आलं नाही तर त्याच मेलवर पुन्हा लिहा, नवी सुरू करू नका. एकाच धाग्यात सगळं राहिलं की पुढे पुरावा म्हणून ते वाचायला सोपं जातं.

जादा प्रीमियम किती

लोक घाबरतात ते इथे, आणि बहुतेक वेळा उगाच. २००७ पासून ओडीचे दर मोकळे झाले, त्यामुळे कंपनीगणिक फरक पडतो. अंदाज यावा म्हणून जुन्या टॅरिफमधला दर धरतो: इलेक्ट्रिकल वस्तूंच्या किमतीवर वर्षाला ४ टक्के. म्युझिक सिस्टीम ४०,००० रुपयांची असेल तर १,६०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २८८, मिळून १,८८८. पॉलिसीचे सहाच महिने उरले असतील तर साधारण ९४४. अलॉयसारख्या नॉन-इलेक्ट्रिकल वस्तूंची किंमत आयडीव्हीत मिळवून गाडीच्याच दराने प्रीमियम लावतात. समजा तुमचा ओडीचा दर २ टक्के आहे, तर ६०,००० च्या अलॉयला वर्षाला १,२०० अधिक जीएसटी. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटला ओडीत किमतीच्या ४ टक्के आणि थर्ड पार्टीच्या भागात ६० रुपये.

नुसता रंग बदलला तर आयडीव्ही बदलत नाही; तिथे नोंदच महत्त्वाची. एनसीबीला, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल मिळणाऱ्या सवलतीलाही, धक्का लागत नाही, तो क्लेम घेतला की जातो.

पैसे भरायला उशीर करू नका. विमा कायदा १९३८ च्या कलम ६४ व्हीबी प्रमाणे प्रीमियम हातात आल्याशिवाय कंपनी जोखीम घेऊच शकत नाही. मेल सोमवारी गेली, प्रीमियमची लिंक बुधवारी आली, तुम्ही ती पुढच्या रविवारी भरली, तर मधल्या दिवसांत ॲक्सेसरीज उघड्यावर आहेत.

एंडोर्समेंट आलं की ते वाचा. गाडीचा नंबर, वस्तूंची नावं, किमती, रंग आणि कोणत्या तारखेपासून लागू, एवढं तपासा. चूक असेल तर त्याच दिवशी कळवा. हा कागद मोबाइलमध्ये ठेवा, एक छापील प्रत आरसीसोबत ठेवा.

नूतनीकरण आणि जुनी गाडी

सगळं नीट करूनही पुढच्या वर्षी घसरण होते, ती नूतनीकरणाच्या वेळी. दोन-तीनशे रुपये वाचवायला आपण ऑनलाइन दुसऱ्या कंपनीकडे जातो. तिथे गाडीचा नंबर टाकला की मॉडेल आणि तारीख आपोआप येते, ॲक्सेसरीज येत नाहीत. तो रकाना ऐच्छिक असतो, आपण पुढे सरकतो, आणि नवी पॉलिसी शून्यावर निघते. सीएनजी किटचंही तसंच होतं. त्यामुळे नव्या पॉलिसीची पीडीएफ आली की तोच तक्ता पुन्हा बघा. किंमत मात्र दर वर्षी घसाऱ्याने कमी लावा: एक ते दोन वर्षं झालेल्या वस्तूला २० टक्के, दोन ते तीन वर्षांना ३० टक्के कमी.

आपल्याकडे सुरतेहून जुन्या गाड्या फार येतात, विशेषतः नंदुरबार-नवापूर भागात. दिसायला देखण्या, आधीच्या मालकाने सजवलेल्या. घेण्याआधी आरसीवरचा रंग आणि इंधन गाडीशी जुळवून बघा. बाहेरची वायरिंग मेकॅनिकला दाखवा. गाडी तुमच्या नावावर झाली की १४ दिवसांच्या आत विमा तुमच्या नावावर करायचा अर्ज द्यायचा असतो. त्याच अर्जासोबत आधीच्या मालकाने केलेल्या बदलांची यादी आणि फोटो जोडा. बिलं नसतील तर कंपनीकडून तपासणी मागा. 'मी नाही केलं, आधीच्याने केलं' हे उत्तर सर्व्हेअरपुढे चालत नाही.

बदल करून दोन वर्षं झाली आणि अजून कळवलं नाही, असे वाचक असतील तर आजच कळवा. कंपनी तपासणी करेल, प्रीमियम मागेल, फार तर एखादी वस्तू काढायला सांगेल. हे फक्त अपघाताच्या आधीच करता येतं.

अपघात झालाच तर

पहिलं काम कंपनीला लगेच कळवणं. दुसरं, सर्व्हेअर येईपर्यंत गाडीला हात न लावणं. घाबरून रॅप ओरबाडणारे आणि ॲम्प्लिफायर रातोरात काढून नेणारे लोक मी पाहिले आहेत. रॅपचा डिंक पत्र्यावर राहतो, वायरी लोंबकळत राहतात, आणि नोंद राहून गेली ही एवढीशी चूक 'माहिती लपवणं' होऊन बसते. खरं सांगा, क्लेम फॉर्मवर खरं लिहा, एंडोर्समेंटची प्रत पुढे करा.

नोंद असली तरी पूर्ण बिल मिळेलच असं नाही. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा संरक्षण, नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के, फायबरच्या भागांवर ३० टक्के घसारा कापतात. काचेवर कापत नाहीत. फायबरचं बॉडी किट लावणाऱ्यांनी हे आधीच समजून घ्यावं. आणि ज्याची नोंद नाही, त्याला झिरो डेपही वाचवत नाही.

समोरच्या माणसाला इजा झाली असेल तर तो थर्ड पार्टीचा भाग आहे. तिथे कंपनीला नाकारायची कारणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० ने मोजकी ठेवली आहेत, आणि तुमचे अलॉय किंवा रॅप त्यात नाहीत.

सजावटीकडे बोट दाखवून सगळाच क्लेम नाकारला, तर गप्प बसू नका. अपघाताचं कारण आणि तुमचा बदल यांचा संबंध काय, हे कंपनीला लेखी विचारा. मागून ट्रक धडकला असेल तर बॉनेटवरच्या स्टिकरचा त्यात काय वाटा? नकाराचं पत्र पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा उल्लेख करून मागा. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करा. सोबत आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या बीमा भरोसा पोर्टलवर नोंदवा किंवा १५५२५५ वर फोन करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी ते कार्यालय पुण्याला आहे, फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचा निवाडा ते देऊ शकतात. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आहे. पॉलिसीच्या अटीचा भंग झाला तरी सरसकट शून्य न देता ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मधल्या एका निकालात मान्य केलं आहे. तो गाडीच्या वापराच्या अटीबद्दल होता, तरी वकिलाला त्याची आठवण करून द्या.

एक काम उरतं. रॅप उतरवला, अलॉय विकले, म्युझिक सिस्टीम जुन्या गाडीतून नव्या गाडीत नेली, तरीही तोच मेल, तोच धागा: 'अमुक वस्तू अमुक तारखेला काढली, नोंद कमी करावी.' रंग मूळचा केला असेल तर आरसीही पुन्हा दुरुस्त करून घ्या. अमळनेरच्या त्या ग्राहकांनी गेल्या फाल्गुनात गाडी पुन्हा पांढरी केली. आरटीओतून बाहेर पडून त्यांनी मला फोन केला तेव्हा आरसीचा फोटो कंपनीला गेलेला होता आणि मला सीसीमध्ये ठेवलं होतं.